तांब्याचा एक लाख वर्षांचा भरवसा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजची गोष्ट इथे लिहून देतोय. सुरुवात येवल्यातून.

येवल्यात पैठणी घ्यायला गेलात, की बरोबरची जाणती बाई आधी विचारते, "जर कोणती आहे?" जुनी जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. आता स्वस्तात तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जरही मिळते. मुलामा झिजला की तांबं उघडं पडतं आणि काठ काळवंडतो. देवघरातल्या तांब्याचंही तेच. चिंचेने घासला तरी थोड्या दिवसांत पुन्हा मळकट.

आता गंमत बघा. याच तांब्याच्या भरवशावर स्वीडन आणि फिनलंड अणुकचरा एक लाख वर्षं जमिनीत ठेवणार आहेत!

झालं असं. १९७७ मध्ये स्वीडनने कायदा केला: नवी अणुभट्टी चालू करायचीय? मग वापरलेल्या इंधनाची सोय काय, ते आधी दाखवा. त्यातून १९८३ पर्यंत एक योजना उभी राहिली. तिचं आजचं रूप असं: ५ सेंटिमीटर जाडीचा तांब्याचा डबा, आत ओतीव लोखंड, भोवती पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती, आणि हे सगळं सुमारे ५०० मीटर खोल खडकात. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो. म्हणजे तांबं खराब व्हायचं मोठं कारणच उरत नाही.

जमिनीत तांबं टिकतं, याचा दाखला आपल्याकडेही आहे. येवल्याहून दक्षिणेला, कोपरगाव ओलांडून पुढे प्रवरेकाठी दायमाबाद लागतं. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. चारही भरीव ओतीव, मिळून ६० किलोंहून जास्त. काळाबद्दल वाद आहे, पण बरेच अभ्यासक ते साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात.

पण थांबा. जे टिकलं तेच आपल्याला सापडतं. जे मातीत विरघळून गेलं, त्याची मोजदाद कोण ठेवणार? आणि चार हजार वर्षं म्हणजे लाखाचा पंचविसावा हिस्सा.

अशीच शंका स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या गुन्नार हुल्टक्विस्ट यांनी काढली. १९८६ मध्ये त्यांनी लिहिलं, की ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. पाठ्यपुस्तकं सांगत होती, असं होत नाही. २००७ मध्ये त्यांनी पीटर साकालोश यांच्यासोबत मुद्दा पुन्हा मांडला. उप्साला विद्यापीठात प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसा गंज दिसला नाही. शिवाय दुसरी भीती होतीच. खोल पाण्यातले जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि ते तांब्याला खातं. तुमचा जरीचा काठ काळा पडतो, त्यातही गंधकाचा हात असतोच.

जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायालयाने सरकारला कळवलं: डब्याच्या गंजाबद्दल आणखी पुरावे आल्याशिवाय परवानगी देऊ नका. कंपनीने जास्तीचे अभ्यास दिले. २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारने होकार दिला आणि २०२५ मध्ये फोर्समार्क इथे काम सुरू झालं. सगळ्या शंका मिटल्या का? नाही. पण एका माणसाच्या शंकेला तीस वर्षांनीही कोर्टात ऐकून घेतलं गेलं.

आता आपलं बघू. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होतेय. आपण वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करतो. उरलेला जहाल कचरा काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत भरतात आणि देखरेखीखाली ठेवतात. तो कायमचा पुरायची जागा भारताने अजून ठरवलेली नाही. कधीतरी ती ठरेल, कुठल्या तरी गावाजवळच.

साडी घेताना आपण "जर कोणती?" म्हणून खोदून विचारतो. त्या दिवशी "डबा कशाचा, आणि तो टिकेल हे कुणी तपासलं?" एवढं तरी विचारता आलं पाहिजे.