नोमुगी खिंडीपलीकडचे रेशीम

जपानच्या प्रगतीविषयी बोलणे निघाले की १८६८ ची राज्यक्रांती, १९०५ मधला रशियावरचा विजय आणि चार मुत्सद्द्यांची नावे हटकून पुढे येतात. त्या यंत्रांचे आणि तोफांचे पैसे कोठून आले, असे फारसे कोणी विचारीत नाही. बऱ्याच अंशी ते रेशमातून आले. आणि रेशीम कोठून आले हे पाहावयाचे तर नागानो प्रांतात, सुवा सरोवराच्या काठी जावे लागते.

हा मुलूख डोंगरांनी वेढलेला, समुद्र कोठेच नाही; सरोवरच मुळी ७५९ मीटर उंचीवर. हिवाळ्यात ते गोठले की बर्फाला तडा जाऊन लांबच लांब वरंबा उठतो; देव सरोवर ओलांडून देवीच्या भेटीस गेला, अशी तेथील श्रद्धा. त्याच्या नोंदी १४४३ पासूनच्या आहेत. (अलीकडे बरेच हिवाळे हा वरंबा उठतच नाही.) अशा जागी भाताची खाचरे थोडी, पण तुती उतारावरही येते, आणि सरोवरातून निघणारी तेन्‌र्यू नदी पाणचक्क्या फिरविते. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाले, तेव्हा युरोपातील रेशीमकिडे रोगाने मरत होते. गिऱ्हाईक आयतेच दारी आले.

सरकारने १८७२ मध्ये तोमिओका येथे फ्रेंच तज्ज्ञाच्या हातून विटांची भव्य गिरणी उभारली. सुवाकाठच्या लोकांना तो थाट परवडणारा नव्हता. त्यांनी धातूच्या जागी लाकूड आणि मातीची भांडी वापरून स्वस्तातली यंत्रे केली. ओकाया तर गिरण्यांनी गजबजले, तरी १९३६ पर्यंत कागदोपत्री ते खेडेच होते! कोष कढत पाण्यात सोडावयाचे, धाग्याचे टोक बोटांनी धरावयाचे, काही टोके एकत्र करून रहाटावर चढवावयाची. यंत्र स्वस्त, तेव्हा सारी भिस्त बोटांवर. आणि बोटे मुलींची.

पुष्कळ मुली पश्चिमेच्या हिदा भागातून येत. मध्ये १,६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड. वर्षअखेरीस बर्फ तुडवीत, एकमेकींना धरून त्या घरी परतत. करार बापाशी होई, उचलही बापच घेई, आणि पगाराचा हिशेब वर्षाच्या शेवटी. पण आम्हांला सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी वाटते ती पगाराची रीत. वाटावयाची एकूण रक्कम मालक आधीच ठरवी. मग प्रत्येकीचे काम सर्वांच्या सरासरीशी ताडून पाहत. सरासरीच्या वर असेल तिला जास्त, खाली असेल तिचे कापून. म्हणजे एकीची वाढ दुसरीच्या खिशातून! शेजारीण हीच प्रतिस्पर्धी. मुकादमाच्या छडीपेक्षा ही युक्ती अधिक कामाची. संघटनेत आयुष्य घालविल्यावर आम्ही एवढे खात्रीने सांगू शकतो.

१९०९ मध्ये मासाई मिने नावाची हिदाची मुलगी आजारी पडली. भाऊ तिला पाठीवर घेऊन निघाला. खिंडीवरून आपला मुलूख दिसल्यावर तिने प्राण सोडला. कारखाना कायदा १९११ मध्ये संमत झाला, पण अमलात यायला १९१६ उजाडले.

१९२७ च्या ऑगस्टअखेर ओकायाच्या यामाइची हायाशी गिरणीत सुमारे १,३०० कामगारांनी संप केला. त्यांत बहुतेक मुलीच. संघटनेस मान्यता, वाढीव पगार, बरे जेवण, अशा मागण्या. मालकाने गिरणीस टाळे ठोकले, स्वयंपाकघरही बंद केले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला चूल आणि छप्पर दोन्ही मालकाचेच; ती लढणार किती दिवस? तीन आठवड्यांच्या आत संप मोडला.

मालकांचेही दिवस पुढे राहिले नाहीत. १९२९ च्या मंदीत अमेरिकेचे गिऱ्हाईक आटले, रेशमाचे भाव कोसळले, तुतीच्या जिवावर जगणारी खेडी उघडी पडली. मांचुरियात वसाहतीसाठी सर्वाधिक शेतकरी नागानोनेच पाठविले. १९४५ मध्ये त्यांतील कित्येक परतले नाहीत. सरोवरकाठी मागाहून घड्याळांचे व कॅमेऱ्यांचे कारखाने आले. १९३४ मध्ये हिदातून रेल्वे आरपार झाली, आणि खिंडीतली पायवाट ओस पडली.

यामामोतो शिगेमी ह्या लेखकाने गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या झालेल्या शेकडो कामगार स्त्रियांना गाठले आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे वाचकही आमच्यासारखेच दुःखाची कहाणी ऐकावयास बसले असतील. पण बहुतेकींनी सांगितले, की गिरणीतले जेवण घरच्यापेक्षा बरे होते, आणि शेतीपेक्षा ते काम काही जड नव्हते. आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा रागावलोच; मालकाची भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडी बसली, असे वाटले. पुढे हिदाच्या घरी ताटात काय पडे ते पाहिले: वरीसारखे हलके धान्य, पांढरा भात सणासुदीला. गिरणीत तो रोज मिळे. आणि वर्षअखेरीस पोरीने आणलेल्या नोटा पाहून बापाच्या डोळ्यांत पाणी येई, हेही त्यांनी सांगितले.