मॅटोमोमध्ये भेटींचे आकडे अचानक शून्य का दिसतात?

पोस्टवर कमेंट येत आहेत, लिंक शेअर होत आहे, पण मॅटोमोच्या डॅशबोर्डवर कालपासून शून्य भेटी. अशा वेळी वाचक पळाले असे समजू नये. बरेचदा थांबलेले असते ते पडद्यामागचे ‘क्रॉन’.

मॅटोमो हे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारे मुक्तस्रोत ॲनालिटिक्स सॉफ्टवेअर आहे. २०१८ पर्यंत ते ‘पिविक’ या नावाने ओळखले जाई.

नेमके काय बिघडते?

प्रत्येक भेटीची कच्ची नोंद लगेच डेटाबेसमध्ये जाते. तिची बेरीज करून अहवाल बनवण्याचे काम वेगळे असते. गर्दीच्या साइटवर हे काम सहसा दर तासाला क्रॉन करते आणि ब्राउझरमधून अहवाल बनवण्याची सोय बंद ठेवलेली असते. त्यामुळे क्रॉन अडले की नोंदी साठत राहतात, पण अहवाल बनत नाहीत.

काय तपासावे?

१. शेवटची वेळ: सेटिंगमधील ‘सिस्टिम चेक’ पानावर अहवाल शेवटचे कधी पूर्ण झाले ते दिसते.

२. हाताने चालवणे: क्रॉनमधलीच कमांड वेब सर्व्हरच्या युजरने चालवून पाहावी. हाताने चालते, पण क्रॉनमधून नाही, असे असेल तर पीएचपीचा पूर्ण पाथ लिहावा. क्रॉनला सगळे पाथ माहीत नसतात.

३. परवानगी: एकदा जरी ती ‘रूट’ युजरने चालवली, तरी तात्पुरत्या फाइलींची मालकी रूटकडे जाऊ शकते. मग नेहमीच्या युजरला त्या फाइलींमध्ये लिहिता येत नाही.

४. पीएचपी: वेबसाठीची आणि कमांड लाइनची पीएचपी सेटिंग वेगळी असू शकते. आवृत्ती, एक्स्टेन्शन आणि मेमरीची मर्यादा दोन्हीकडे पाहावी.

५. लॉग: क्रॉनचे संदेश एका फाइलमध्ये साठवावेत. नेमकी चूक बहुधा शेवटच्या काही ओळींत सापडते.

जुने आकडे परत मिळतात का?

कच्च्या नोंदी शाबूत असतील तर मिळतात. राहिलेल्या तारखांचे अहवाल ‘अवैध’ ठरवून पुन्हा बनवता येतात. मात्र जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सेटिंग चालू असेल, तर मुदत उलटलेल्या नोंदी कायमच्या जातात. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत आधी ती सेटिंग बंद करावी.