वाहता संकेत

हवेचा झोत भिंतीजवळून गेला, की मधली हवा तो ओढून नेतो. तिथला दाब उतरतो आणि झोत भिंतीला चिकटतो. हा क्वांडा परिणाम. दोन्ही अंगांना भिंती ठेवल्या, तर झोत डावीला चिकटतो किंवा उजवीला. चिकटल्या बाजूच्या छिद्रातून थोडीशी हवा सोडली, की ती कमी दाबाची जागा भरून निघते आणि झोत पलीकडे जातो. छिद्र बंद केले तरी तो तिथेच राहतो. शून्य आणि एक, त्यांची आठवण, शिवाय किरकोळ संकेताने मोठा प्रवाह वळवण्याची सोय, हे सारे एका कोरीव पोकळीत मिळाले. ना वीज, ना हलणारा भाग.

बिली हॉर्टन, रोमाल्ड बोल्स आणि रेमंड वॉरन यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत केलेले असे काम १९६० मध्ये जाहीर झाले आणि प्रवाहाने संकेत हाताळण्याची ही विद्या, फ्लुइडिक्स, नावारूपाला आली. १९६४ मध्ये युनिव्हॅकने हवेवर चालणारा ‘फ्लोडॅक’ हा छोटा संगणक करून दाखवला. त्याआधीच, १९३६ मध्ये, सोव्हिएत अभियंता व्लादिमीर लुक्यानोव्ह याने काँक्रीटला तडे का जातात हे शोधण्यासाठी पाण्याचे गणकयंत्र बांधले होते. भांड्यातली पाण्याची पातळी म्हणजे तापमान, भांड्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, नळीचा अडथळा म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा. पाणी वाहू लागले, की समीकरण आपोआप सुटत जाई.

हवेतला संकेत ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ट्रान्झिस्टरपुढे तो टिकला नाही. पण या विद्येला निव्वळ वेगाच्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. तिची खरी ताकद अशी, की इथे संकेत हाच पदार्थ असतो.

२००७ मध्ये एमआयटीत मनू प्रकाश आणि नील गर्शेनफेल्ड यांनी बुडबुड्यांची तर्कद्वारे केली, ती याच वाटेवरची. केसासारख्या नळ्यांत प्रवाह इतका शांत असतो, की भिंतीला चिकटण्याची युक्ती चालत नाही. तिथे बुडबुडाच कामी येतो: तो एका फाट्यात शिरला की त्या फाट्याचा अडथळा वाढतो आणि मागचा बुडबुडा दुसरी वाट धरतो. रसायन वाहून नेणे आणि निर्णय घेणे एकाच हालचालीत घडते.

म्हणून नवागताला आग्रहाने सांगेन: विजेच्या मंडलांशी तुलना करत शिकायला जरूर सुरुवात करा, पण लवकरच ती सोडा. झोताचे चिकटणे, बुडबुड्याचे अडणे ही या विषयाची स्वतःची भाषा आहे, आणि पुढची प्रकरणे तिथूनच सुरू होतात.