कुठे जायचे, हा चौथा प्रश्न



परदेशी सहलीचा बेत करण्यास दोघे मित्र बसले म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न असतो, कुठे जायचे? इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रश्न चौथा ठरतो. त्याआधी तीन प्रश्न सुटावे लागतात. रजा मिळेल काय? सोबत कोणाची? परवाना आणि पैसा यांची वाट काय? ज्यांचे हे तीन प्रश्न जन्मतःच सुटलेले होते, त्यांनी जग पाहिले. बाकीच्यांना ते एकेक करून सोडवावे लागले. ती हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

आपल्या सोलापुरात जुनी मिल 1877 साली निघाली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे गिरणी कामगाराला सुट्टी ठाऊकच नव्हती असे नाही. आठवड्याची सुट्टी होती, सणाची होती, आजारपणाची होती, टाळेबंदीची तर होतीच. पण त्या दिवसाचा पगार नव्हता. ज्या सुट्टीने घरची चूल थंड पडते, तिच्यात कोणी सहलीचा विचार करीत नाही.

पगारी रजेची कल्पना जगात रुजली ती विशेषतः 1936 साली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव केला की, वर्षभर काम करणाऱ्यास किमान सहा दिवसांची पगारी रजा मिळावी. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगाराला दोन आठवड्यांची रजा कायद्याने मिळाली. लिओ लाग्रांज या मंत्र्याने एक पाऊल पुढे टाकले. रजेवर निघालेल्या कामगारासाठी रेल्वेच्या तिकिटात शेकडा 40 सवलत ठेवविली. रजा देऊन माणसाला घरात कोंडून ठेवण्यात अर्थ नाही, हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडे हे काम झाले 1945 साली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पगारी रजेचे विधेयक त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि वर्षाच्या नोकरीनंतर दहा दिवसांची रजा कारखान्यातील प्रौढ कामगाराच्या पदरात पडली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने हिशेब बदलला. वर्षात 240 दिवस काम भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. 2020 च्या संहितेत 240 ची अट 180 वर आणली आहे.

1948 च्या कायद्यातील बारीक कलमे वाचली म्हणजे असे वाटते की, ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रवासाला निघालेला माणूस असावा. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी करावा. रजा वर्षातून तीन हप्त्यांत घेता येईल. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील वर्षी नेता येईल. आणि चार दिवस वा अधिक रजा असेल तर तिचा पगार निघण्यापूर्वी हाती पडावा. तिकिटाला पैसे लागतात ते जाताना, परतल्यावर नव्हे!

आता दुसरा प्रश्न सोबतीचा. 1897 साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस निघाले. सोबत दिनशा वाच्छा होते. एक पुण्याचा तिशीतला प्राध्यापक, दुसरे मुंबईचे पन्नाशी ओलांडलेले पारशी गृहस्थ. वाटेत फ्रान्समध्ये कॅले येथे गोखल्यांच्या छातीला जबर मार बसला. भिडस्त स्वभावामुळे त्यांनी तो काही दिवस अंगावर काढला. अखेर डॉक्टरला दाखविले, तेव्हा दुखणे जिवावरचे होते असे कळले. त्या परक्या मुलुखात वाच्छांनी त्यांना सांभाळले.

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले. ती सहल नव्हती, सेवा होती. पण पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी तिघे परतल्यावर मागे राहिले ते कोटणीस आणि बंगालचे बसू. मराठी आणि बंगाली माणसांची ती जोडी जमली, कारण दोघांनी कशासाठी आलो हे मनाशी पक्के केले होते. बेत करणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे. आवडीनिवडी जुळल्या नाहीत तरी चालते. हेतू आणि खर्चाचा आकडा मात्र आधी जुळवावा, आणि दुखणे लपवू नये.

तिसरा प्रश्न परवान्याचा. पासपोर्ट देणे न देणे ही एके काळी सरकारची मर्जी होती. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पैशाची गोष्टही तशीच. त्या दशकात परदेशी जाणाऱ्याच्या खिशात आठ डॉलर असत, ही गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नेण्याची मुभा आहे. बंधन कायद्याचे राहिले नाही, ते आता मिळकतीचे आहे.

हे तीन प्रश्न सुटले म्हणजे चौथा सोपा होतो. गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे 1961 साली रशियाला गेले, ते कामगारांचे राज्य डोळ्यांनी पाहावे म्हणून. आंबेडकर 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले, ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी. त्याच नेपाळात बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी आहे. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा, पलीकडे थोड्या अंतरावर लुंबिनी. भारतीयाला व्हिसा लागत नाही, निवडणुकीचे ओळखपत्रही चालते. बारा दिवसांच्या रजेत दोघा मित्रांचे हे परदेशगमन सहज बसते.

परंतु सोलापुरात ती बारा दिवसांची रजा आहे कोणाजवळ? मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. 1948 चा कायदा लागू होण्यास यंत्रावर चालणाऱ्या जागी दहा माणसे लागत. लहान शेडमधील यंत्रमाग कामगार त्या रेषेखाली राहिला. विडी कामगार भगिनींना 1966 च्या कायद्याने वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. पण हजारावर मजुरी मोजली जाते तेथे रजेचा दिवस दिसतच नाही; दिसला तरी त्याचे पैसे होतात, दिवस मात्र हाती येत नाही.

पैसे घरात खर्च होऊन जातात. मैत्रिणीबरोबर पाहिलेला मुलुख आयुष्यभर पुरतो. म्हणून माझे मागणे एवढेच की, रजेचे पैसे न मागता रजेचे दिवस मागावेत, आणि दोघी मैत्रिणींना ते एकाच वेळी मिळावेत. मग कुठे जायचे, ते त्यांचे त्या ठरवतील.