ऑफिसमधले ध्यान रंगूनच्या कचेरीतले

ऑफिसच्या ताणावर ‘माइंडफुलनेस’चे ॲप वापरा, असा सल्ला तुम्हाला एचआरने दिला असेल. हे खूळ अमेरिकेतले, असे अनेकांना वाटते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असा कार्यक्रम सुरू केला खरा. पण तो होता जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी.

कर्मचाऱ्यांचे ध्यान त्याआधीचे, ब्रह्मदेशातले. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन महालेखापाल झाले. पुढे दोनेक वर्षांत रंगूनच्या आपल्या कार्यालयातच ते हाताखालच्या माणसांना विपश्यना शिकवू लागले. १९५५ मध्ये अर्धशिशीने बेजार झालेले व्यापारी सत्यनारायण गोएंका आले. डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, म्हणून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला! (याच गोएंकांमुळे ती इगतपुरीला आली.)

एक फरक लक्षात घ्या. तिथे शिकवणारा स्वतः साहेब होता. कामाची घडीही त्याच्याच हातात होती. ॲपच्या हातात ती नसते. श्वासाकडे लक्ष दिल्याने चिडचिड, धडधड वेळीच ओळखता येते, कामाचे तास घटत नाहीत. तेव्हा ध्यान जरूर करा, पण जादा कामाबद्दल साहेबांशी बोला आणि बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका.