दक्षिणेच्या पैशातून उभी राहिलेली विद्या

विद्येवर पैसा खर्च करणाऱ्याची अपेक्षा आणि त्या खर्चातून कालांतराने निपजणारे फळ यांत केवढे अंतर पडू शकते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पुण्याच्या दक्षिणा-फंडाचा इतिहास अवश्य चाळावा. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची ही चाल मूळची पेशव्यांची नव्हे. ती तळेगावकर सेनापती दाभाड्यांची. 1731 साली डभोईच्या रणांगणावर त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि त्यानंतर या धर्मकृत्याचा कारभार पेशव्यांच्या हाती येऊन पुण्यास स्थिरावला. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमणा उभा राहिला. देशोदेशींहून आलेल्या ब्राह्मणांस त्या आवारात घेऊन, कोणी दोनदा हात पुढे करू नये अशा बंदोबस्तात दक्षिणा दिली जाई. आरंभी योग्यता पाहून देण्याचा जो कटाक्ष होता तो उत्तर पेशवाईत बराच ढिला पडला, आणि विद्येपेक्षा जन्मच पुरेसा ठरू लागला. देणाऱ्याला पुण्य हवे होते, घेणाऱ्याला द्रव्य. ज्ञानाची वृद्धी हा उभयपक्षी दुय्यम हेतू होता.

1818 साली पेशवाई बुडाली, तेव्हा हा खर्च एका फटक्यात बंद करणे नव्या सरकारला सहज शक्य होते. परंतु मुलूख नुकताच हाती आलेला, लोकमत अस्वस्थ, आणि पुण्याच्या ब्राह्मणवर्गाच्या नाराजीचे मोल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसारख्या धूर्त मुत्सद्द्याला पुरते ठाऊक. तेव्हा त्याने सालिना 50,000 रुपयांची तरतूद कायम ठेविली. त्याच्या मागून आलेला कमिशनर चॅप्लिन याने या रकमेचा काही अंश बाजूस काढून 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. दुसऱ्या बाजीरावाच्या विलासासाठी उभारलेल्या त्या वाड्यात न्याय, व्याकरण, अलंकार, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक असे विषय शिकविले जाऊ लागले. अध्यापक शास्त्री होते, विद्यार्थ्यांस दरमहा वेतन मिळे, आणि दार फक्त ब्राह्मणांसच उघडे होते. सरकारने विद्येचा उद्धार केला असे यावरून कोणी म्हणेल तर ते भाबडेपणाचे होईल. सरकारने शांतता विकत घेतली होती.

पण खरेदीखत लिहून देणाऱ्याच्या कल्पनेबाहेरचे काही या वाड्यात घडत गेले. पाठशाळेची देखरेख मेजर कँडीकडे आली. मोल्सवर्थबरोबर मराठी कोशाच्या कामात हाडे झिजविलेला आणि मराठी गद्यात विरामचिन्हांची शिस्त लावण्यासाठी झटलेला हा गृहस्थ होता. 1851 साली पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन करण्यात आले, आणि गौतमाच्या न्यायाशेजारी बेकनचा न्याय येऊन बसला. या शेजाराचे सर्वांत रसाळ फळ म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकर. हा मनुष्य पाठशाळेच्या जुन्या वळणात तयार झालेला. अलंकार आणि न्याय यांत निष्णात. इंग्रजी शिकला तो वयात आल्यावर. आणि तरीही त्याच लेखणीने सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, अर्थशास्त्राची परिभाषा घडविली, मेघदूताला मराठी पद्याचा पेहराव दिला आणि अरबी सुरस गोष्टींनी महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या रात्री रंगविल्या. कोणत्या हुद्द्यासाठी हे सारे आवश्यक होते? कोणत्याही नव्हे. एका शास्त्रात मुरलेल्या बुद्धीला दुसऱ्या शास्त्राची दारे ठोठावण्याची सवय लागली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे, आणि मला तरी त्या शतकातील अनेक प्रशस्तिपात्र राजकारण्यांपेक्षा हे चरित्र अधिक मोलाचे वाटते.

दरम्यान दक्षिणेच्या यादीवर नवी नावे चढविणे बंद झाले होते, आणि मयत दक्षिणेकऱ्यांच्या नावची रक्कम खजिन्यात शिल्लक पडू लागली होती. ती खर्चावी कशी, या प्रश्नावर 1849 च्या सुमारास पुण्यात जो गदारोळ उठला तो या सबंध प्रकरणाचा कळस होय. ज्यांची शतपत्रे नुकतीच 'प्रभाकर' पत्रातून निघू लागली होती ते लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मताची तरुण मंडळी यांनी सरकारास अर्ज केला, की ही रक्कम उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावी. सनातनी मंडळी खवळली; अर्जदारांना मारहाणीचे भय वाटू लागले, आणि तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, अशी हकीकत फुल्यांच्या चरित्रांत आढळते. अर्ज मान्य झाला. दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि रमण्यातून वाटला जाणारा पैसा मराठी ग्रंथकारांच्या हाती पडू लागला. मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले गेले. 1862 साली त्या विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरलेले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही त्या नेमणुकीचे धनी होते.

पूना कॉलेजाचे डेक्कन कॉलेज कसे झाले, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या लाखभर रुपयांच्या देणगीतून येरवड्याची इमारत कशी उठली, तेथे 1868 साली वर्ग कसे गेले, हा वृत्तान्त सुपरिचित आहे. लक्षात घेण्यासारखे हे, की सरकारला आपल्या कचेऱ्यांसाठी इमानी आणि इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती, आणि त्या इमारतीतून बाहेर पडले विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर. गणिताचा पदवीधर वृत्तपत्रकार झाला. मिल आणि स्पेन्सर वाचलेला एम. ए. दरिद्री मास्तरकीस स्वखुशीने तयार झाला आणि त्याने 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. टिळक-आगरकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले, तेव्हा उद्घाटनास येणारे प्राध्यापक वर्डस्वर्थ हे कवी वर्डस्वर्थ यांचे नातू आणि डेक्कन कॉलेजाचे माजी प्राचार्य होते. 1934 साली काटकसरीच्या नावाखाली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि 1939 साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांचे कार्य तेथलेच.

एवढ्यावर लेखणी थांबविणे सोयीचे झाले असते. पण ते अप्रामाणिक होईल. कारण या गौरवगाथेच्या जमाखर्चावर सर्वांत टोकदार आक्षेप घेतला तो ज्यांनी 1849 साली अर्जदारांना पाठबळ दिले त्याच जोतीरावांनी. 1882 साली शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी विचारले, की सारा भरतो कुणबी, आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरिष्ठ वर्गांची मुले. हा कोणता न्याय? प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. हा आक्षेप हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड आहे, आणि पुण्याच्या विद्वत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचे उत्तर क्वचितच दिले. आजही कलाशाखेचा उपयोग काय, असे विचारले जाते तेव्हा विचारणारा बहुधा पगाराचा आकडा पाहत असतो. जोतीरावांचा प्रश्न त्याहून फार खोल होता. ते विद्येच्या विरुद्ध नव्हते, विद्येच्या मक्तेदारीच्या विरुद्ध होते.

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना गुरू मानणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी दिले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिचे पहिले महाविद्यालय, 1946 चे मुंबईचे सिद्धार्थ, हे कला आणि विज्ञान यांचे महाविद्यालय होते. ज्या समाजाला भाकरीची सर्वाधिक निकड होती त्याच्या मुलांना त्यांनी केवळ हातचा धंदा शिकवून वाटेला लावले नाही. तत्त्वज्ञान, इतिहास आणि वाङ्मय यांवर त्यांचाही तितकाच हक्क सांगितला. 1950 साली औरंगाबादेस निघालेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयात म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे तेथे शिकवू लागले, आणि पानतावण्यांनी संपादिलेले 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचे प्रमुख नियतकालिक ठरले.