दर्यावरचा गुन्हा आणि त्याचा तपास

आमच्या सोयगांवापासून समुद्र शंभर कोस दूर आहे. तरी आमच्याच तालुक्यांत, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत, तीन डोलकाठ्यांचें एक गलबत रंगविलेलें आहे. मी शाळेंत शिकवीत असतां मुलांना तें दाखवावयास नेलें, तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, भर समुद्रांत चोरी झाली, तर फिर्याद कोठें द्यावयाची?" मीं हंसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचें ऋण आज फेडावयाचें आहे.

मराठी आरमाराच्या काळीं उत्तर सरळ होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे; कौल घेतलेल्या सावकारी तरांड्यांस उपसर्ग देऊं नये, अशी ताकीद त्यांत आहे. सरखेल कान्होजी आंग्रे दस्तक घेतल्यावांचून जाणारें जहाज अडवीत. अडविणारा, चौकशी करणारा आणि निवाडा देणारा हात एकच असे. इंग्रज मात्र ह्याच कान्होजींना चांचा म्हणत. समुद्रावर गुन्हेगार कोणास म्हणावें, हें तेथें कायदा कोणाचा चालतो ह्यावर अवलंबून असतें, तें असें.

आज हे तीन हात वेगळे झाले आहेत. गस्तीस नौदल आहे, १९७८ च्या कायद्यानें उभें राहिलेलें तटरक्षक दल आहे, चोरट्या मालावर नजर ठेवण्यास कस्टम्स खातें आहे. परंतु आरोपी धरून बंदरांत आणला, कीं फिर्याद, पंचनामा, जबान्या आणि आरोपपत्र हें सारें सामान्यतः पोलिसांच्या गळ्यांत येतें. अमेरिकेंत तटरक्षक दलाचें स्वतःचें गुन्हे-अन्वेषण खातें आहे; आपल्याकडे तें ओझें मुंबईच्या गोदीजवळील यलो गेट पोलीस ठाण्यासारख्या ठाण्यांनीं उचललें आहे.

ह्याची कसोटी १९९९ सालीं लागली. 'अलोंद्रा रेनबो' हें जहाज ॲल्युमिनियम भरून इंडोनेशियाहून जपानला निघालें असतां, ऑक्टोबर महिन्यांत चांच्यांनीं तें बळकावलें. सतरा खलाशांस तराफ्यावर सोडून दिलें. कांहीं दिवसांनीं एका मच्छीमार नौकेनें त्यांना उचललें म्हणून ते वांचले. चोरांनीं जहाजाचें नांव बदलून 'मेगा रामा' केलें. अरबी समुद्रांत आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' नौकेनें त्याचा पाठलाग केला; औरंगजेबाशीं झुंजलेल्या राणीचें नांव धारण करणारी ही नौका! नौदलाची 'प्रहार' नौका साहाय्यास आली आणि १६ नोव्हेंबरला जहाज हातीं लागलें. पंधरा इंडोनेशियन इसम मुंबईस आणून यलो गेट ठाण्याच्या स्वाधीन करण्यांत आले.

आतां तपासणाऱ्या अंमलदाराची अडचण पाहा. जहाजावर निशाण पनामाचें, मालक जपानी, खलाशी फिलिपिनो व जपानी, आरोपी इंडोनेशियन, आणि गुन्हा घडला आपल्या किनाऱ्यापासून कितीतरी दूर. घरफोडी झाली तर फौजदार उंबरठ्याचा पंचनामा करतो. येथें उंबरठा कोठला? नव्या रंगाखालचें जुनें नांव, यंत्रांवरील क्रमांक, जहाजाचीं कागदपत्रें आणि दुभाष्यामार्फत घेतलेल्या जबान्या, ह्यांवरच अशा खटल्याची भिस्त असते.

सत्र न्यायालयानें २००३ सालीं आरोपींस सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली; परंतु २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. भारतीय दंडविधानांत चांचेगिरी हा गुन्हा स्वतंत्रपणें सांगितलेलाच नव्हता. जमिनीवरील गुन्ह्यांचीं कलमें पाण्यावर लावावीं लागत. ही उणीव भरून काढणारा सागरी चांचेगिरीविरोधी कायदा २०२२ सालचा. मार्च २०२४ मध्यें 'कोलकाता' ह्या युद्धनौकेनें 'रुएन' जहाज सोडवून, सतरा खलाशांस मुक्त करून, ३५ सोमाली चांचे मुंबई पोलिसांच्या हवालीं केले, तेव्हां हा कायदा हाताशीं होता.

पण कायदा राबवितात तीं माणसें. १९९३ च्या आरंभीं रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथें, शस्त्रें व स्फोटकें उतरलीं. त्या वाटेवर चौकी होती, पहारा होता. तथापि लांच घेऊन डोळे मिटणारे कस्टम्स व पोलीस खात्यांतील कांहीं नोकर पुढें न्यायालयांत दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईंत २५७ जीव गेले. उलट, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशीं रबरी होडींतून दहा इसम उतरले, तेव्हां त्यांना हटकलें तें तेथल्या बिनपगारी कोळी मंडळींनीं. त्यांच्या हटकण्याची वेळींच दखल घेणारें कोणी जवळ नव्हतें.

ह्यांतून मला एवढेंच दिसतें. सागरी तपासास वेगवान नौका हव्यात, हें खरेंच; परंतु त्या नौकेंत बसणारा शिपाई दर्याला सरावलेला हवा. ज्यास पोहतां येत नाहीं, लाटेबरोबर ज्याचें पोट ढवळतें, त्यानें हलत्या फळीवर उभें राहून पंचनामा लिहावा कसा? त्यास कोळ्याची बोली कळावी, कोळ्यास त्याचा विश्वास वाटावा, आणि अंधाऱ्या धक्क्यावर कोणी पाकीट पुढें केलें तर त्याचा हात मागें राहावा.

त्या मुलाला आज उत्तर द्यावयाचें तर मी म्हणेन, "बाळ, फिर्याद बंदरावरच्या ठाण्यांत द्यावयाची. मात्र ती लिहून घेणारा माणूस कसा असावा, ह्याची काळजी शंभर कोसांवर राहणाऱ्या आपणहि केली पाहिजे. कारण ठाण्यांत बसणारा शिपाई आपल्याच शाळांतून शिकून जात असतो."